पिस्तुलात सापडलेली अक्षता

रविवारी सकाळी खदानीवरून परत आले की आई अजूनही दारातच विचारते, "अडकली का?"

"नाही अडकली," असं मी म्हणते. मग ती आत वळते आणि चहाचं आधण ठेवते. नेम कसा लागला, गुण किती पडले, यातलं तिला काहीच नको असतं. बाबा होते तेव्हाही नको असायचं. तिला तेवढी एकच गोष्ट विचारायची असते, आणि ती विचारल्याशिवाय ती मला चपला काढू देत नाही.

अडकते ती पुंगळी. गोळी सुटल्यावर तिचं रिकामं पितळी टरफल मागे उरतं, त्याला पुंगळी म्हणतात. आमचं पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेतलं, छोट्या गोळीचं आहे. एक गोळी सुटली की त्याचा वरचा सरकता भाग त्याच धक्क्यानं मागे जातो, रिकामी पुंगळी उजवीकडे बाहेर भिरकावतो आणि पुढे येता येता नवी गोळी आत घेतो. पापणी लवायच्या आत हे सगळं व्हायला हवं. बाबांनी हे पिस्तूल नवंकोरं आणलं त्या वर्षी ते होत नव्हतं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आदिलाबादेत कापसाला काय भाव निघाला हेसुद्धा बाबांनी कुणाला विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. सारा जन्म त्यांनी कालव्यांची लेव्हल बघण्यात घालवला. माणूस हाताचा पक्का होता. पट्टी न लावता कागदावर रेघ मारायचे आणि मग मुद्दाम मला पट्टी लावून बघायला सांगायचे. आईच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण घरात दुसऱ्या कुणाच्यानं निघायचं नाही. आई बरणी हातात घेऊन अंगणापर्यंत यायची, बाबा पेपरातून मान वर न करता एका हातानं झाकण फिरवायचे आणि बरणी परत द्यायचे. लहानपणी मी त्यांच्या मनगटाला लोंबकळायचे. ते मला तसंच उचलून विहिरीपर्यंत न्यायचे आणि वाटेत शेजाऱ्यांशी बोलत राहायचे, जणू हातात पिशवीच आहे. ते मनगट मला त्यांच्या चेहऱ्याइतकंच आठवतं.

गावाबाहेर, कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे, एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. तिथे आमच्या छोट्याशा क्लबची रेंज. मास्तर, डॉक्टर, एकदोन दुकानदार असे रविवारी जमायचे आणि क्लबच्या जुन्या रायफलीवर आळीपाळीनं नेम धरायचे. सुभेदार गारू, म्हणजे आपल्याकडचे सुभेदारसाहेब, म्हणून एक तेलुगू गृहस्थ होते, फौजेतून निवृत्त झालेले. रेंजवर त्यांचाच हुकूम चालायचा. शाळेत असताना बाबा मला तिथे न्यायला लागले. आईही यायची, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे घेऊन. ती दूर बाभळीखाली चटईवर बसायची, कानात कापसाचे बोळे घालून भाजी निवडायची. थंडीतल्या त्या सकाळी, खदानीच्या कडेवर अडकलेलं धुकं, जिनिंगमधून उडत आलेली कापसाची म्हातारी, आणि मागे आईचा चहा. मला आजही सुख म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं.

बाबांना एकच गोष्ट करायची राहिली होती. हैदराबादला ज्येष्ठांची स्पर्धा होते, तिच्यात पिस्तुलाच्या गटात उतरायचं. नोकरीत असताना रजा मिळाली नाही, नंतर माझं शिक्षण आलं, मग आजीचं आजारपण. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. लायसनची मिसल कुठल्या कुठल्या दफ्तरातून फिरली ते सांगत बसत नाही, पण बाबा सरकारी माणूस असूनही रडकुंडीला आले होते. शेवटी पिस्तूल आलं. आणि आलं नेमकं पितृपक्षात.

"आता नाई उघडाचं," आई म्हणाली.

"अव, मी काय बारसं करून राह्यलो का त्याचं?"

"पितृपक्ष हाय. अन् मंग नवरात्र. खंडेनवमीले पूजा होईन, मंगच हात लावा."

आमच्या घरची ही रीतच होती. कुठलंही नवं हत्यार, अवजार, यंत्र घरात आलं की पूजेशिवाय चालवायचं नाही. आईचं शिवणयंत्र खंडेनवमीची वाट बघत तीन आठवडे कापडाखाली झाकून पडलं होतं. माझी स्कूटर तशीच. तेव्हा पिस्तुलाला सूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा रोज कपाट उघडून खोक्याकडे बघायचे आणि लहान मुलासारखं तोंड करून कपाट लावायचे. मी हसले की माझ्यावर खेकसायचे.

खंडेनवमीला पाटावर सगळं मांडलं. विळी, कात्री, बाबांची जुनी लेव्हल, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते म्हणून माझी एक परीक्षानळी, आणि मधोमध पिस्तूल. बाबांनी त्याआधी मॅगझिन काढून ठेवलं, आत गोळी नाही हे दोनदा बघितलं, मलाही दाखवलं. मग आईच्या हाती दिलं. आई मोठ्या भक्तीची. नवी वस्तू कोरडी ठेवू नये म्हणून तिनं समईतलं तिळाचं तेल बोटानं त्याला सगळीकडून पुसलं. मग हळद, मग कुंकू, वर झेंडूचं फूल, आणि ओंजळभर अक्षता. इकडे शेजारपाजार सगळा तेलुगू, त्यामुळे आमच्या अक्षता कुंकवाच्या नसतात, हळदीच्या असतात, पिवळ्याधमक. दुसऱ्या दिवशी बाबा जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले, शेजाऱ्यांना बंगारम म्हणून दिली, आम्हाला सोनं म्हणून दिली, आणि जेवण होताच विचारलं, "आता तं नेऊ ना?"

पहिल्या रविवारी बाभळीखाली आई होती, सुभेदार गारू होते, मी होते. बाबा उजवा हात लांब करून उभे राहिले. या खेळात पिस्तूल एकाच हातानं धरायचं असतं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात. स्पर्धेत मोजक्या सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात, त्यामुळे मध्ये काही अडलं तर सगळंच बसलं. पहिली गोळी सुटली, पुंगळी उडाली. दुसरी सुटली. तिसरीला पुंगळी बाहेर आलीच नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर, चुलीच्या धुराड्यासारखी उभी राहिली, आणि सरकता भाग तिला चिमटीत धरून बसला.

"हाथ मत हिलाओ सार," सुभेदार गारू म्हणाले. बाबांनी नळी समोरच ठेवली, बोट चापावरून काढलं, मॅगझिन काढलं, सरकता भाग मागे ओढून पुंगळी पाडली. परत भरलं. परत अडकली. त्या दिवशी एकही पाच गोळ्यांची फेरी धड झाली नाही. बाबांचा चेहरा असा झाला की आईनं पोहे काढलेच नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला आणि पिस्तूल उघडलं. आत तिळाचं तेल चिकट होऊन बसलं होतं. त्यात कुंकवाची भुकटी कालवून लाल राळ तयार झाली होती. आणि पुंगळीला धरून बाहेर ओढणारी जी बारीक नखी असते, तिच्या बगलेत अक्षतेचा एक दाणा निघाला. तेलानं काळपट पडला होता, पण मूळचा पिवळा रंग कळत होता.

बाबांनी तो चिमट्यानं उचलला आणि आईसमोर धरला.

"हे पाय. तुह्या भक्तीनं माह्या पिस्तुलाचा घसा बसला!"

"मले काय मालूम आत जाईन म्हून."

"समईतलं तेल लावाचं असते काय त्याले? ते काय मारुती हाय?"

खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं, आणि चूक आईचीच होती. पण बाबा तिथे थांबले नाहीत. त्यांनी तो दाणा पानाच्या डबीत पुरावा म्हणून ठेवला, येईल त्याला दाखवला. दूधवाल्याला दाखवला. माझ्या कॉलेजातल्या बाईंना दाखवला. पुढच्या रविवारी मी रिक्षा बोलावली तर आई चटई घेऊन आली नाही.

"चाल ना," मी म्हटलं.

"नाई. मी आली का माहा हात लागते त्याले."

थर्मास तिनं भरून दिला होता, तेवढाच गेला. बाभळीखालची जागा रिकामी राहिली.

मी आणि बाबांनी मिळून पिस्तूल तीनदा धुवून काढलं. योग्य ते पातळ तेल आणलं, थेंब थेंब लावून जास्तीचं पुसलं. दिव्याखाली धरलं तर आरसा. तरी पुंगळी अडकायचीच. मग बाबांनी गोळ्यांवर संशय घेतला. दुसऱ्या बनावटीच्या आणल्या. तेच. मॅगझिनच्या ओठांवर संशय घेतला. दुसरं मॅगझिन लावलं. तेच. सुभेदार गारूंनी थंडीचं नाव घेतलं. आदिलाबादची थंडी तशी बदनामच आहे, पहाटे दाराची कडी हाताला चटका देते. "ठंडी से तेल जमता सार," ते म्हणाले, म्हणून आम्ही ऊन चढल्यावर जायला लागलो. तेच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, नवी स्प्रिंग कडक असते, शेदोनशे गोळ्या जाऊ द्या, आपोआप मोकळी होईल. बाबांनी मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. इंग्रजी फार भरभर वाटलं की मला हाक मारायचे, "थांबव, अन् सांग काय म्हणून राह्यला हा."

प्रत्येक वेळी फिरून फिरून गाडी आईवरच यायची. "एकदा का आत घाण गेली का जात नाई," असं म्हणायचे. आई ऐकून घ्यायची. माझी आई काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. भाजीवाल्यानं वजनात मारलं तर ती मंडईभर ऐकवते. ती गप्प बसते याचंच मला नवल वाटत होतं, आणि बाबांचा राग यायला लागला होता. स्पर्धेसाठी नाव द्यायचे दिवस जवळ येत होते आणि बाबा त्यासाठी मनातून किती कासावीस झालेत ते मला दिसत होतं, तरी राग यायचा तो यायचाच.

एका रविवारी ओळीनं दोन फेऱ्या बिघडल्यावर बाबांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तू मारून पाय बरं. माह्यासमोर."

मी पाच मारल्या. पाचही पुंगळ्या उडाल्या आणि एकाच दगडापाशी जाऊन पडल्या. अजून पाच मारल्या. त्याही तिथेच. तीच गोळी, तेच मॅगझिन, तीच थंडी.

"हं," बाबा म्हणाले. "आता गरम झालं असन."

त्यांनी लगेच हातात घेतलं. मी उजव्या बाजूला उभी होते, आणि पहिल्यांदाच निशाणाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत राहिले. गोळी सुटली तेव्हा पिस्तुलाबरोबर मनगटही मागे वळलं. मऊपणे, पडदा हलावा तसं. सरकत्या भागाला मागे जाताना मागून ठाम आधार लागतो. हातच मागे गेला तर सगळा धक्का हातात जिरतो, सरकता भाग अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि बाहेर पडू बघणाऱ्या पुंगळीला चिमटीत पकडतो. व्हिडिओत ते सांगितलं होतं. मीच बाबांना मराठीत करून सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते सोडून दिलं होतं, कारण ते नवशिक्यांसाठी होतं. दुसऱ्या गोळीला पुंगळी अडकली. सुभेदार गारू एकदम वळले आणि दूरच्या कुणाचं तरी निशाण चिकटवायला निघून गेले.

परत येताना बाबा स्कूटरवर मागे बसले होते. मला आता सगळं एकेक आठवत होतं. बुटांच्या नाड्या सोडून त्यांनी सरकवायच्या चपला घेतल्या होत्या. कपाला दोन्ही हात लावायला लागले होते, मला वाटलं थंडीमुळे. रेघा मारून कितीतरी दिवस झाले होते. पिस्तूल बिघडलेलं असेल तर ते दुरुस्त होईल. ते ठीक असेल तर मग बाबांचा हातच कामातून चालला होता. मला त्या क्षणी देवाशपथ असं वाटलं, की ते पिस्तूल भंगारात घालायच्या लायकीचं निघावं.

त्या दुपारी बाबांनी परत पेपर पसरला, पिस्तूल उघडलं. पण पुसत नव्हते. एकेक भाग हातात घ्यायचे आणि ठेवायचे. मग नुसताच उजवा हात टेबलावर ठेवून बघत बसले. "आता काय राह्यलं," म्हणाले, अगदी हळू. मी समोर बसले होते आणि मला उत्तर माहीत होतं. आई मध्येच येऊन टेबलावरचं मिठाचं भांडं घेऊन गेली.

थोड्या वेळानं बाबांनी चिंधी उचलली, आणि खाली पेपरावर काहीतरी पिवळं दिसलं.

अक्षता. एक दाणा.

बाबा बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा जीव आला, की काय सांगू. "पाय!" ते ओरडले. "पाय, अजून हाय आत! मी म्हणलो नव्हतो? अव ए, इकडं ये, पाय तुही करामत!"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "असन," म्हणाली. "लय टाकल्या होत्या म्या."

"लय टाकल्या! पोतंभर टाकाच्या ना!"

बाबा मोठ्या आवाजात बोलत होते, कुरकुरत होते, आणि मनातून खुलले होते. माझं मात्र डोकं फिरलं. हे पिस्तूल मी माझ्या हातानं धुतलं होतं. त्यात दाणा काय, धूळ नव्हती. मी उठून तडक स्वयंपाकघरात गेले. आईला सांगणारच होते, की तुझ्या अक्षतांचा यात काही संबंध नाही, कशाला ऐकून घेतेस.

ओट्यावर वाटी होती. वाटीत चिमूटभर तांदूळ, आणि आईचं बोट हळदीनं ओलं होतं.

मी वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिनं वाटी उचलून नळाखाली धरली.

"आई, कुंकू-अक्षतांनी नाही अडकत ती."

"मले मालूम हाय."

"मग हे काऊन?"

"हळू बोल." तिनं नळ जरा मोठा सोडला. "मी त्यायचा गिलास अर्धाच भरून राह्यली, दिवाळीच्याही आंधीपासून. तुले दिसला का? त्यायलेई नाई दिसला. भरला का सांडते. बरणीचं झाकण मी सैलच ठेवतो आता, अन् मंग बरणी घेऊन जातो त्यायच्यापाशी. उघडतेत अन् देतेत." ती थांबली. "कुंकवाचं नाव व्हऊन राह्यलं तं व्हऊ दे. कुंकवाले काय होते?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती एका हातानं वाटी विसळत राहिली आणि दुसऱ्या हातानं मला थोपटत राहिली. बाहेर बाबा कुणाला तरी फोनवर दुसऱ्या दाण्याची हकीकत सांगत होते.

त्यानंतरचे काही रविवार आम्ही तिघांनी अक्षतांवर काढले. बाबा धुवायचे, मी तेल लावायचे, आई ऐकून घ्यायची. मग एका रविवारी, मी स्कूटर काढताना, बाबा म्हणाले, "रिक्षा बोलाव. तुह्या आईलेई घेऊ."

आई नाही म्हणाली. बाबा म्हणाले, "चाल. चहा तिथंच बरा लागते." एवढंच. पण त्यांचा आवाज असा होता की ती लुगडं बदलायला आत गेली.

खदानीवर गेल्यावर बाबा नेहमीसारखे उभे राहिले, उजवा हात लांब केला, आणि मग डाव्या हातानं उजवं मनगट खालून घट्ट धरलं. सुभेदार गारूंनी बघितलं. स्पर्धेत हे चालत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी पाच गोळ्या मारल्या. पाचही पुंगळ्या स्वच्छ उडाल्या, उन्हात चकाकल्या, आणि माझ्या त्या दगडापाशी जाऊन पडल्या. बाबांनी पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं, आणि वाकून त्या पुंगळ्या गोळा केल्या. सगळ्या, एकेक करून, त्याच हातानं. वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

"सार, हैदराबाद का नाम?" सुभेदार गारूंनी विचारलं.

"नको," बाबा मराठीतच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आता रविवारी तू मारत जाय." आणि बाभळीखाली जाऊन आईशेजारी चटईवर बसले. तिनं कप अर्धा भरून दिला. त्यांनी कपाकडे जरा वेळ बघितलं आणि प्यायले.

मला वाटलं, संपलं. बाबांना हात कळला, आणि दुसऱ्या दाण्याचं आईचं गुपित आईपाशी राहिलं. डॉक्टरांनी पुढे त्या दुखण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, त्यानं थोडं बरं वाटायचं. घरात कुणी अक्षतांचा विषय काढला नाही. मी दर रविवारी जायचे. परत आले की बाबा विचारायचे, "अडकली का?" आणि मी नाही म्हटलं की मान हलवायचे. तो प्रश्न त्यांचा होता. आईनं नंतर घेतला.

पुढची खंडेनवमी आली. पाट मांडला. विळी, कात्री, लेव्हल, परीक्षानळी, सगळं आलं. पिस्तूल बाबांनी मला तपासायला लावलं आणि मग मध्ये ठेवलं. आईनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि पिस्तुलापाशी येऊन हात मागे घेतला.

"याले मी नाई लावत," म्हणाली.

बाबा उठले, आत गेले, पानाची डबी घेऊन आले. झाकण त्यांच्यानं निघेना. मी पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाले, आणि दातानं काढलं. डबीत दोन दाणे होते. एक काळपट, तेलकट. दुसरा पिवळाधमक.

"हा पह्यला," ते आईला म्हणाले, "हा तुहाच. याले तेल लागलं हाय. अन् हा दुसरा. हा कोरडा हाय. तेलातून निघालेला दाणा कोरडा असते काय?"

आई पाटाकडे बघत राहिली. मी हातातली निरांजनाची थाळी खाली ठेवली.

"मले त्याच दिवशी समजलं," बाबा म्हणाले. "म्हणलं, इले माह्या हाताचं मालूम हाय. मंग मी वरडलो लय. वरडाले बरं वाटलं. तुले लय बोललो मी."

"बोलले तं बोलले," आई म्हणाली. "पह्यला तं माहाच होता ना."

बाबा हसले. मग त्यांनी बाही वर केली आणि आपला उजवा हात पाटावर ठेवला, कात्री आणि लेव्हल यांच्यामध्ये, तळवा वर करून.

"याले लाव," म्हणाले. "तेल नको लावजो फक्त. नाईतं अडकन."

आई हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले. तिनं हळदीत बोट बुडवलं, पण लावता येईना, कारण बाबांचा हात थरथरत होता. म्हणून तिनं डावा हात त्यांच्या मनगटाखाली घातला, घट्ट धरला, आणि तो थांबल्यावर हळद लावली, कुंकू लावलं, आणि वर एकच अक्षता ठेवली.